फेब्रोनियाची अट

आमचे अबूना सराबामून देवाघरी गेले आणि गावाला धर्मगुरूच उरला नाही. शेजारच्या गावचे म्हातारे अबूना एका शुक्रवाराआड टुकटुक रिक्षामध्ये बसून यायचे, घाईघाईने प्रार्थना उरकायचे आणि ऊन चढायच्या आत परत जायचे. मी अबूना सराबामूनांची विधवा. मला अख्खं गाव अजून तासोनीच म्हणतं; धर्मगुरूची बायको म्हणजे सगळ्यांची बहीण. नाव दमियाना आहे, पण ते आता मलाच आठवून घ्यावं लागतं.

आमच्या ख्रिस्ती पंथात धर्मगुरू वरून लादत नाहीत. गावातलाच संसारी माणूस गाव निवडतं, आणि बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. गावाने बुलुसला निवडलं. शाळेत गणित शिकवतो, आवाज गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एवढ्या भांडकुदळ गावाचं एका माणसावर एकमत झालं, हाच मोठा चमत्कार. पण बायकोने हो म्हटल्याशिवाय बिशप हात ठेवत नाहीत, आणि बुलुसची बायको फेब्रोनिया काही बोलेना. ना हो, ना नाही. दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन नुसती गप्प.

मग चर्चच्या समितीचे विस्सा गुरुजी माझ्याकडे आले. शाळा तपासनीस होते, निवृत्त होऊनही गावाची तपासणी चालूच. म्हणाले, तासोनी, तुमचं ऐकेल ती. अबूनांच्या बायकोला केवढा मान, केवढं सुख, ते जरा तिला समजावून सांगा. मी म्हटलं, सुखाबद्दल तुम्हाला बरीच माहिती दिसते. तरी मी गेले. नातवाचा बाप्तिस्मा अडला होता, मलाही गावात अबूना हवेच होते.

फेब्रोनिया अंगणात भाकऱ्यांचं पीठ मळत होती. मी बसले, घसा साफ केला, आणि मानाचं पुराण सुरू केलं. तिने पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

"तासोनी, तुम्हाला विचारलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण पिठाने माखलेले हात तसेच धरून ती पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं, नाही. बिशप आले तेव्हा मी मागच्या दारी बदकांची पिसं उपटत बसले होते. बाहेर सासऱ्यांनीच सांगून टाकलं, सून राजी आहे. मला कळलं ते आनंदाचे चीत्कार ऐकू आल्यावर.

आणि मग तोंड उघडलंच होतं, तर सगळं बाहेर पडलं. आमचं दार कधी बंद म्हणून राहिलं नाही. कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, कुणाची सून रुसली, कुणाला नवं घर पवित्र करून हवं, की लागली थाप दारावर. माझी थोरली जन्मली तेव्हा अबूना दोन भावांचा समेट करायला गेले होते. आले तोवर ती दूध पिऊन झोपली होती. फार चांगला माणूस होता हो. सगळ्यांचा होता.

फेब्रोनियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. म्हणाली, "मला आवडला म्हणून मी बुलुसशी लग्न केलं. आता गावाला आवडतो म्हणून गमावू?"

मी बाह्या सरसावल्या. तिच्याबरोबर भाकऱ्या थापल्या आणि घरी आले. विस्सांना म्हटलं, बोलले मी. काय बोलले ते सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी प्रार्थनेनंतर बिशप वेदीपुढे खुर्ची टाकून बसले. डावीकडे पुरुष, उजवीकडे आम्ही बायका. बुलुस मान खाली घालून उभा होता. बिशपांनी फेब्रोनियाला पुढे बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "मुली, तुझी मर्जी काय?"

"हो म्हणते, सय्यदना. पण अट आहे." ती पुढे म्हणाली, "आठवड्यातली एक संध्याकाळ ते माझे आणि लेकराचे. दार बंद. कुणाचा जीव जात असेल तरच वाजवायचं."

पुरुषांच्या बाजूला कुजबुज उठली. विस्सा उभे राहून म्हणाले, अबूना म्हणजे गावाचा बाप, बापाने लेकरांना दार लावायचं? बिशप म्हणाले, दार ठोठावणारे तुम्ही आहात. हे मी ठरवणार नाही, तुम्ही ठरवा. मान्य असेल त्यांनी हात वर करा. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "बायकांनीसुद्धा."

आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, मग नवऱ्यांकडे. विस्सांची बायको तर ओढणीचं टोक चावत बसली. मला राग आला. एवढी वर्षं माझंच दार बडवलंत ना गं, आता हात जड झाले? मी हात वर केला. सांधा दुखतो, तरी केला. मग विस्सांच्या बायकोने केला, विस्सांकडे न बघता. मग सगळ्याच जणींनी केला. पुरुषांनी वळून पाहिलं आणि त्यांच्याकडेही एकेक हात वर यायला लागला. सगळ्यात शेवटी विस्सांनी केला, खांद्यापर्यंतच.

बिशपांनी विचारलं, कोणती संध्याकाळ?

फेब्रोनिया वळली. बिशपांकडे नाही, बुलुसकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, "तासोनी, तुम्हाला कोणती हवी होती?"

सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं.

"सोमवार," मी म्हणाले.

विचार करावाच लागला नाही. बुधवारी न् शुक्रवारी उपास, शनिवारी संध्याकाळची प्रार्थना, रविवारी लग्नं. सोमवारी काहीच नसतं. दर सोमवारी मी ससा घालून मुलुखियाच्या पाल्याची पातळ भाजी करायचे, अबूनांच्या आवडीची, आणि दोन ताटं मांडून ती गार होईपर्यंत वाट बघत बसायचे.