खानावळीच्या फळ्यावरचा तीनचा आकडा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एका लहानशा खानावळीची कल्पना करा. दाराशी बर्फाने ओले झालेले बूट, आत कॉफीचा वास, आणि काउंटरमागच्या भिंतीवर एक काळा चौकोन. तो मी. मी एक जुना फळा आहे.

माझा जन्म हार्लो मिल्स या आमच्या गावच्या शाळेतला. तिथे नवे फळे आले, तेव्हा खानावळीचा मालक ड्वाइट याच्या वडिलांनी मला कापून इथे आणले. माझ्यावर रोज एकच ओळ असे: आजचे सूप कोणते. सूप संपले की ओले फडके फिरे. मुले स्टुलावर चढून मला मोठ्याने वाचत. सुखाचे दिवस होते ते.

या हिवाळ्यात माझे काम बदलले. अमेरिकेच्या संसदेतल्या आमच्या भागाच्या जागेसाठी पक्षाचा उमेदवार निवडायचा होता, आणि एकाच पक्षाचे तेरा जण उभे राहिले! कोण जिंकेल यावर देशभरचे लोक फोनवरून पैसे लावत. त्यातून रोज भाव निघे: याची शक्यता शंभरात चाळीस, त्याची पंचवीस. ड्वाइट ते आकडे रोज सकाळी माझ्यावर उतरवी. लोक टोपी काढण्याआधी माझ्याकडे बघू लागले. खरे सांगतो, मी फुगलो.

त्या तेरा जणांत आमच्या गावची लोर्ना थिबोडो होती. तिने सव्वीस वर्षे शाळेची बस चालवली. तिच्यापुढे रोज तोच आकडा: तीन.

एका शुक्रवारी ती नात क्लिओला घेऊन आली आणि तिने पिशवीतून एक कागद काढला. माघार घेण्याचा अर्ज. दुपारपर्यंत द्यायचा होता.

"घाई करू नकोस, लोर्ना," ड्वाइट म्हणाला.

"घाई कसली? तुझा फळाच सांगतोय. शंभरात तीन."

नळदुरुस्ती करणारा अर्ल खाली बघत म्हणाला, "मी तुम्हालाच मत देणार होतो, लोर्नाबाई. पण वाया कशाला घालवायचं? म्हटलं, त्या चाळीसवाल्या वकिलाला देऊ."

"वा रे वा! सहा वर्षं माझ्या बसमध्ये उलट्या केल्यास, आणि मत वकिलाला?"

सगळे हसले. लोर्नाने मात्र हसता हसता पेन काढून टोपण उघडले.

तेवढ्यात क्लिओ स्टुलावर चढली आणि तिने फडक्याने मला लख्ख पुसले.

"अगं, अगं! मला पुन्हा लिहावं लागेल!" ड्वाइट ओरडला.

"थांबा, ड्वाइटकाका. आता फळ्यावर काहीच नाहीये. सांगा, मत कुणाला?"

मग अर्ल म्हणाला, "तुझ्या आजीला."

"मीपण," टपालवाली विनी म्हणाली. "मला वाटलं, दुसरं कुणी देणारच नाही."

नऊ जणांपैकी सात हात वर झाले.

"मग तीन कुणी ठरवले?" क्लिओने विचारले.

ड्वाइटने डोके खाजवले. "कुठल्या कुठल्या लोकांनी. त्यांच्यातलं कोण बसलंय हिच्या बसमध्ये!"

मी ओशाळलो. मला वाटे, मी लोकांचे मन सांगतो. इथे तर लोक मला वाचून मन बदलत होते.

"सात मतांनी कुणी निवडून येत नाही," लोर्ना पुटपुटली. पण तिने पेनाला टोपण लावले. तो टक् आवाज ऐकून मला किती हायसे वाटले, काय सांगू!

मतदान जूनमध्ये आहे. काय होईल ते मला माहीत नाही, आणि आता मला ते सांगावेही लागत नाही. मित्रांनो, फळ्यावरचा आकडा जरूर वाचा. पण तो कुणी काढला, हे विचारा. आणि आम्हा फळ्यांना अधूनमधून पुसत जा.

क्लिओने मग काय केले? तिने त्या अर्जाची चौपदरी घडी घातली आणि खिडकीजवळच्या डुगडुगत्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल हलवून पाहिले. हलले नाही. मग हात झटकून ती पुन्हा स्टुलावर चढली, खडू घेतला आणि ठळक अक्षरांत लिहिले: आजचे सूप, माशाचे.