नवं कोरं नाव

आयर्लंडच्या कॉनेमारातलं आमचं निम्मं गाव जॉइस आडनावाचं, म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव. माझ्या आजोबांचं जत्रेत गाढव हरवलं, तेव्हापासून आम्ही गाढववाले. शाळेत, चर्चमध्ये, मैदानावर, मी जन्मभर गाढववाल्यांचा किअरन!

मुलगा झाला तेव्हा बायकोला ठणकावून सांगितलं, "ग्रॉन्या, ह्याचं नाव असं ठेवायचं, की दुसरी ओळखच लागता कामा नये." दोन महिने डोकं शिणवून फिआख्रा ठरवलं. जुनं, अस्सल आयरिश, आणि पंचक्रोशीत दुसरा नाही.

बाप्तिस्म्याचा केक सांगायला बेकरीवाल्या ब्रीजमावशीला फोन केला.

"केकवर नाव काय घालू?"

"फिआख्रा जॉइस."

"कुठल्या जॉइसांचा रे?"

"मावशी, गावात दुसरा फिआख्रा आहे का?"

"नसेल बाबा. पण रविवारी तीन जॉइसांचे केक आहेत. मी कुणाचा कुणाला देऊ?"

पलीकडे ती लिहून घ्यायला थांबलेली. मांडीवर फिआख्रा जागा होऊन माझ्या तोंडाकडे टकामका बघत होता.

"गाढववाल्यांचा," मी म्हणालो.

"मग आधीच तसं सांगायचं की!" मावशी म्हणाली, आणि तेवढंच लिहून घेतलं.