तोरड्या

कावेरीनं दमणीचा पडदा सारून पुन्हा मान बाहेर काढली. एवढा रस्ता समोर पसरलेला, आणि आपण मात्र पाटीखाली झाकलेल्या कोंबडीसारखं बसायचं.

"आत हो. पूर्णा आली," तिची आई नर्मदाबाई म्हणाली.

चुडाव्याहून पिंगळीला रेल्वेनं निघालं तर बांधलेल्या भाकरी सुटायच्या आत माणूस पोचतं. पण देशमुखांच्या बायका रेल्वेत बसत नसत. म्हणून ही दमणी, तिचा निळा पडदा आणि पुढं कासरा धरलेला आश्रुबा. त्यात आई बैलांनाही घाई करू देईना. विहीर दिसली, थांब. चिंचेची सावली दिसली, थांब. एका चिंचेखाली तर तिनं कावेरीची वेणी सोडून पुन्हा घातली. सकाळीच घातलेली, चांगली घट्ट होती.

पूर्णेत दिनकररावकाकांच्या वखारीपुढं दमणी थांबली. घरात या थोरल्या काकांचाच शब्द चाले. कावेरी चौथी जमात पास झाली होती. मामाच्या पिंगळीत राहून परभणीच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत जायचं, एवढंच तिचं म्हणणं. काका नको म्हणाले आणि वडील गप्प बसले.

थोरल्या दिरानं भावजयीचा पडदा उचलायचा नसतो. काका बाहेरूनच बोलले.

"किती जणी रे, आश्रुबा?"

"दोघी, मालक. बाईसाब अन् ताई."

"वास्तुशांत झाली की माघारी या. पोरीला तिथं ठिवायचं न्हाई."

आईच्या बांगड्या वाजल्या. दिरापुढं तोच होकार.

"कावेरे, तू ऐकलंस का?"

कावेरीनं असा पाय आपटला की तोरड्यांचे घुंगरू छणाणले. काका बाहेर हसले. "ऐकलं म्हनायचं."

पिंगळीत मामाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, पंगती उठल्या. निघायच्या दिवशी कावेरी फुगून दमणीत चढायला गेली, तर आईनं तिला मामाच्या ओट्यावर बसवलं. शेजारी एक बोचकं होतं. कावेरीची गोधडी, पाटी, परकर. सगळं चुडाव्याहून आलेलं.

"उद्या मामा तुला परभणीला नेऊन दाखल करतील."

"अन् काका?"

"आज कळलं तर आजच मानूस धाडतील. उद्या घरी कळंल. तवर तुझं नाव लागलेलं असंल."

आई खाली बसली आणि कावेरीच्या पायातल्या तोरड्या काढू लागली. फासा घट्ट होता. तिनं तो दातानं सैल केला.

"ह्या कशाला, आई?"

"पूर्णेत काका तुला हाक मारतील."

आईनं तोरड्या ओच्यात घातल्या, कावेरीच्या वेणीवरून एकदा हात फिरवला आणि दमणीत चढून पडदा आपल्या हातानं सोडला.

"किती जणी हाईत, आश्रुबा?" आतून आवाज आला.

आश्रुबानं ओट्याकडं पाहिलंच नाही. "दोघी, बाईसाब."

दमणी हलली. कावेरी अनवाणी फाटकापर्यंत धावली. पांदीच्या वळणाला आतून तोरड्या वाजल्या. मग जरा थांबून पुन्हा वाजल्या, या वेळी जोरात, रागानं पाय आपटल्यासारख्या.