आधी नाव तर विचार!

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे समुद्र दारात असूनही पाऊस हात आखडता घेतो, तिथल्या एका घराच्या शेडमध्ये मी खिळ्याला टांगलेले असते.

एडमंड थर्कल यांनी मला त्यांच्या लग्नाच्या वर्षी गावच्या लोहाराकडून घडवून घेतले. त्यांची बाग रेताड, आणि वरून पाणी घालायचे नाही हा त्यांचा हट्ट. ओल उडू नये म्हणून त्यांनी मातीवर बोटभर खडी अंथरली होती. त्या खडीत पॉपीची फुलझाडे आपल्या आपण रुजत, यंदा बाकाखाली तर पुढच्या वर्षी भर वाटेत. त्यांच्या पत्नी विनिफ्रेडबाई मला घेऊन तण काढायला बसल्या की एडमंड ओरडत, "अगं, सरळ उपटतेस काय? आधी नाव तर विचार!"

"तुझ्या बागेत बिनबोलावलेलेच फार!" बाई म्हणत, पण मला थांबवत. कापणे माझ्या पात्यातच होते. थांबणे मात्र मी त्या दोघांकडून शिकले.

एका ऑगस्टमध्ये एडमंडनी पॉपीची वाळलेली बोंडे खडीवर झटकली. "जागा त्यांची ती ठरवतील," म्हणाले. ऑक्टोबरात ते गेले.

हिवाळ्यात विनिफ्रेडबाईंचा खुबा मोडला. त्या इस्पितळात असताना लेक हेस्टर आली आणि आईला पुन्हा वाकावे लागू नये म्हणून तिने खडीवर झाडाच्या सालीचा चुरा वीतभर जाड पसरला. मायेनेच केले बिचारीने.

काठी टेकत घरी आलेल्या बाई दारातच थबकल्या. "हेस्टर, खाली तुझ्या बाबांचं बी आहे गं. त्याला उजेड लागतो."

"आई, मला काय माहीत! मला वाटलं, तुला आराम पडेल..."

हेस्टरने मला खिळ्यावरून काढले. मी गंजले होते, तरी चार दिवस आम्ही चुरा खरवडला. शेवटी दाराच्या पायरीशी एक फिकट, दोऱ्याएवढे रोप दिसले. गवत समजून तिने मला उगारले. मी तर नुसते लोखंड, काय करणार?

"अगं, आधी नाव तर विचार!" खिडकीतून बाई ओरडल्या.

हेस्टरचा हात तिथेच थांबला. मग ती त्या रोपाजवळ बसून खूप रडली.

त्या वर्षी सबंध बागेत तेवढे एकच झाड आले, तेही पुढच्या दाराला अगदी चिकटून. जूनभर ते दार कुणी उघडले नाही. पोस्टमनसुद्धा मागून येई.

ऑगस्टमध्ये हेस्टर बोंडे झटकायला आली. "या वेळी जरा दारापासून लांब हं," बाई म्हणाल्या.

"आई, जागा त्यांची ती ठरवतील."

मित्रांनो, आम्हा जुन्या अवजारांना चार थेंब तेल पुरते. तेवढे लावा. आणि मला हातात घ्याल तेव्हा घाई करू नका. तुम्ही नाव विचारेपर्यंत मी थांबेन.