चुलीखालची बाळं

पुरातत्त्व विभागात सगळे त्यांना बाई म्हणत. नवाश्मयुगात नुकतीच शेती करू लागलेल्या त्या माणसांच्या घरांत, चुलीखाली, मडक्यात पुरलेली तान्ही बाळं बाईंनीच पहिल्यांदा शोधून काढली. गावाबाहेर दफनभूमी असताना बाळं घरात का? बाईंचं उत्तर पाठ्यपुस्तकात गेलं: आईला लेकरू दूर ठेववत नसे, त्याला चुलीची ऊब मिळावी म्हणून. उभ्या आयुष्याची कमाई म्हणाल तर हे एक वाक्य.

तान्ह्याच्या हाडांवरून मुलगा की मुलगी ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून बाईंनी हाडांच्या प्रत्येक खोक्यावर 'बाळ' एवढंच लिहिलं होतं. आता प्रयोगशाळेत ते कळतं. बाईंची जुनी विद्यार्थिनी, हल्लीची विभागप्रमुख, निकाल घेऊन भांडारात आली आणि बस म्हटलं तरी उभीच राहिली.

"बाई, सगळ्या मुली आहेत."

"सगळ्या?"

"एकूण एक. तान्हे मुलगे मोजकेच, तेही बाहेर दफनभूमीत, गळ्यात मण्यांच्या माळा घालून पुरलेले. आजार काही अशा मुलीच निवडून मारत नाही." तिने निकालाचे कागद पुढे केले. "लेखावर तुमचं नाव घालू? नको असेल तर मी एकटीच छापते."

बाईंचं डोकं फिरलं, पण राग त्या पोरीवर नव्हता. घरात त्या चौथी मुलगी. जन्मल्या तेव्हा वडील म्हणाले होते, 'पुरे', आणि तेच नाव चिकटलं. सगळे हसायचे, त्याही हसायच्या. एवढ्या शिकलेल्या बाईला मातीत फक्त माया दिसावी, यात नवल ते काय! दुसरं काही दिसलं असतं, तर घरीही बघावं लागलं असतं.

त्यांनी तिथूनच थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, मी झाले तेव्हा मला पहिल्यांदा कोणी घेतलं गं?"

"आज हे काय काढलंस, पुरे?"

"सांग ना."

"मी. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आत्याने तुला मागच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं, थंडीत, उघडीच. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आत आणलं."

बाईंनी फोन ठेवला.

"माझं नाव घाल," त्या म्हणाल्या. "आणि ते उबेचं वाक्य चूक होतं, असं स्पष्ट लिही."

मग एकेक खोकं पुढ्यात ओढून त्या 'बाळ' खोडून 'मुलगी' लिहायला बसल्या. यांच्याही थोरल्या बहिणी रडल्या असतील, त्यांच्या मनात आलं. त्यांचं कोणी ऐकलं नाही. वर चूल पेटली आणि सगळे जेवायला बसले.