ग्रहणचष्म्याचा डावा डोळा

मित्रांनो, मी एक जुना ग्रहणचष्मा आहे. पुढचं काही सांगण्याआधी एक बजावून ठेवतो: मी कुठे सापडलो, तर मला डोळ्यांना लावू नका. का, ते ऐका.

पुठ्ठ्याची चौकट, दोन कान आणि भिंगांच्या जागी काळ्याकुट्ट फिल्मचे दोन चौकोन, असा मी कारखान्यात जन्मलो. तिथल्या तपासनीस बाईंनी मला दिव्यासमोर धरलं, आरपार काहीच दिसत नाही म्हणून समाधानाने मान हलवली आणि पाकिटात टाकलं. बाकीचे चष्मे जग दाखवतात. मी सगळं जग झाकून एकटा सूर्य दाखवतो. याचा मला भारी गर्व होता.

मला एका आजोबांनी विकत घेतलं. मागच्या ग्रहणाला गच्चीवर सगळ्या इमारतीने माझ्यातून पाहिलं. "सूर्य अगदी लिंबाच्या फोडीसारखा," असं आजोबा पुढे भेटेल त्याला सांगत सुटले. मग त्यांनी मला जपून ठेवायचं ठरवलं, आणि तिथेच घोटाळा झाला. त्या घरात जपायची एकच रीत होती. जे जपायचं ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या फळ्यावर टाचणीने टोचायचं. नातीचं पहिलं चित्र, प्रवासाची तिकिटं, सगळं तिथे. माझा पुठ्ठा जाड, टाचणी वाकू लागली. आजोबांनी ती माझ्या डाव्या काळ्या चौकोनात घातली. लोण्यात जावी तशी गेली.

वर्षं गेली. फोडणीच्या धुराने मी पिवळा पडलो. माझ्याकडे फक्त नात बघायची. तिला घरात सगळे टिल्ली म्हणत. "पुढच्या ग्रहणाला हा चष्मा तुझा," असा आजोबांनी तिला शब्द दिला होता.

ते ग्रहण एका सकाळी आलं. टिल्लीच्या आईने मला फळ्यावरून काढलं. ही आई घराबाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघणारी, अर्ध्या जिन्यातून परत येऊन तिसऱ्यांदा बघणारी. मला घेऊन ती न्हाणीघरात गेली, दिवा मालवला आणि माझ्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला. उजवीकडे मिट्ट काळोख. डावीकडे एक चांदणी लुकलुकली.

"बाबा, याला भोक पडलंय," बाहेर येऊन ती सासऱ्यांना म्हणाली.

"टाचणीचं असेल. एवढंसं तर आहे."

"सूर्याला एवढंसं पुरतं."

"मग डावा डोळा मिटून बघेल ती."

"तिला एक डोळा मिटता कुठे येतो? दोन्ही मिटतात."

टिल्लीने लगेच करून दाखवलं. दोन्ही मिटले.

"मागच्या वेळी आम्ही सगळ्यांनी बघितलं ना? आहेत की डोळे जागेवर," आजोबा जरा घुश्शातच म्हणाले.

"तेव्हा भोक नव्हतं, बाबा. आणि डोळा आतून भाजला तर दुखत नाही. कळतं ते नंतर. त्याचीच तर मला भीती वाटते."

खालच्या दुकानातले नवे चष्मे कधीच संपले होते. टिल्लीने पाय आपटला. "आई, तू सगळ्यालाच नाही म्हणतेस."

ते आईला लागलं. मी तिच्याच हातात होतो, मला कळलं. 'देऊ नकोस,' मी मनात घोकत होतो, 'काही झालं तरी देऊ नकोस.' तिने दिलं नाही. कात्री घेतली.

माझ्या उजव्या डोळ्याचे तुकडे केराच्या डब्यात गेले. डाव्याशी मात्र तिचा हात थांबला. खिडकीतलं ऊन त्या भोकातून तिच्या तळहातावर पडलं होतं, एक इवलासा गोल. बारीक भोकातून सूर्याचं चित्र पडतं, हे कॉलेजात शिकलेलं तिला आठवलं असावं.

"बाबा, ट्यूबलाइटचं ते लांब खोकं आहे ना माळ्यावर?"

खोकं आजोबाच घेऊन आले. एका टोकाला मला चिकटवलं, दुसऱ्या टोकाला आत पांढरा कागद लावला, आणि त्या कागदाजवळ बाजूला आजोबांनी बघण्यापुरती खिडकी कापली. खोकं गॅलरीच्या कठड्यावर तिरकं टेकवलं. माझं टोक सूर्याकडे, टिल्लीची पाठ सूर्याकडे.

"काही नाहीये," खिडकीला डोळे लावून टिल्ली म्हणाली. आईने खोकं किंचित हलवलं. "थांब. आलं. नखाएवढं आहे." मग तिने डोळे खिडकीला आणखी दाबले. "आजोबा, लिंबाची फोड."

"बघू, सरक."

"रांगेत या."

आई खोक्यात डोकावली नाही. ती टिल्लीच्या मानेकडे बघत होती. पोरगी मागे वळली असती, तर आईचा हात आधी तिच्या डोळ्यांवर गेला असता. ग्रहण सुटेपर्यंत ती तशीच उभी होती.

आता मी एकाच डोळ्याने माळ्यावर राहतो, खोक्यासकट. ज्या भोकाने मला बाद केलं, त्यानेच मला कामाला लावलं.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊ असेल, तर त्याला अंधारात न्या, त्याच्यामागे टॉर्च धरा. एक ठिपका जरी चमकला, तर सरळ कात्री चालवा. त्याच्यावर दया करू नका. आम्ही पुन्हा बनतो, डोळे बनत नाहीत. आणि घरात कुणी म्हणालंच, "एवढंसं तर आहे," तर त्यांना आमच्या टिल्लीच्या आईकडे पाठवून द्या.