मान हलवा

"माणसं नुसती तोंडं हलवतात गं. मुकी झालीत सगळी," असं म्हणत वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी फोन काउंटरवर आपटला.

"आपटू नका, काकू. आवाज गेलाय, आता डोळेही जातील त्याचे."

आवाज न येणं हा आमच्या दुकानातला सर्दी-खोकला. दहातले सात फोन असलेच. मी आवाज वाढवून पाहिला, सायलेंट नव्हता. हेडफोनच्या भोकात कचरा अडकला की फोनला वाटतं हेडफोन लावलाय, म्हणून ते टोकरलं. निळा दोरा निघाला. सापडला चोर, म्हटलं. कुठलं काय! बंद करून चालू केला, स्पीकरच्या जाळीवरून ब्रश फिरवला. फोन ढिम्म.

"कधीपासून असं?"

"झाले की आठ दिवस. पुसताना काहीतरी दाबलं गेलं बहुतेक. रोज जेवायच्या आधी, सव्वाच्या सुमारास, लावून बघते आला का. तुझ्या वडिलांनी दुरुस्त केला तेव्हा त्यात बोलून ठेवलं होतं ना, तेच लावते. म्हणाले होते, शंका आली की हे लावून बघत जा."

माझे हात थांबले.

बाबांना जाऊन सात महिने झाले. दुरुस्त झालेल्या प्रत्येक फोनमध्ये ते स्वतःच्या आवाजात एकच वाक्य भरायचे, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का? येत असेल तर मान हलवा." ऐकायचे आणि लगेच पुसून टाकायचे. गिऱ्हाइकाच्या फोनात आपलं काही मागे ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. माझ्यासमोर तपासलेल्या फोनांतलं ते वाक्यही मीच इमानेइतबारे पुसत गेले, आणि आमच्या घरी त्यांचा आवाज कुठेच उरला नाही. काकूंसाठी तेवढा त्यांनी नियम मोडला होता. माझा मलाच राग येतो.

आणि गेले आठ दिवस, रोज दुपारी सव्वा वाजता, तोच आवाज दुकानामागच्या आमच्या खोलीत येत होता.

आईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. "कपाटातून बोलले. मान हलवा म्हणाले. मी हलवली," ती म्हणाली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिने ताट पुरतं संपवलं. तोवर दोन घास चिवडून उठायची. गळ्याची हाडं वर आली होती तिच्या. तिसऱ्या दिवशी मीही तिच्याजवळ बसले. सव्वा वाजला. बाबांच्या लोखंडी कपाटातून खाकरल्याचा आवाज आला, मग ते वाक्य. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि घास घेतला. कपाट उघडायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर मला ते उघडायचंच नव्हतं.

आता मी काकूंच्या फोनचं ब्लूटूथ पाहिलं. चालू होतं, आणि 'दुकान' या नावाला जोडलेलं होतं. 'दुकान' म्हणजे फोन तपासायचा बाबांचा छोटा स्पीकर, ते गेल्यावर त्यांच्या कपाटात ठेवलेला. काकू वर बटण दाबत होत्या आणि आवाज खाली आमच्या कपाटात निघत होता. हात्तिच्या! मला हसू फुटलं आणि लगेच रडूही यायला लागलं.

"काय गं, मोठं काही आहे का?"

"नाही काकू. एका बोटाचं काम आहे."

पण ते बोट पुढे जाईना. जोडणी तोडली की काकूंचा फोन बोलणार आणि आईचा माणूस दुसऱ्यांदा जाणार. ती परत ताट चिवडत बसली तर मी काय करू?

"आलेच हं," म्हणून मी फोन घेऊन मागे गेले. आई बाजारात गेली होती. मी कपाट उघडलं. स्पीकर खालच्या फळीवर धुळीत पालथा पडला होता. उचलला तर भलताच हलका लागला. मग आठवलं. त्याची बॅटरी दोन महिन्यांपूर्वी मीच काढून दुसऱ्या कामाला वापरली होती. तरी झाकण उघडून पाहिलं. आतला खण रिकामा, दोन तारा लोंबत होत्या.

हातातला फोन अजून 'जोडलेला आहे' असंच दाखवत होता.

मी कसंबसं ते रेकॉर्डिंग माझ्या फोनवर घेतलं आणि डोळे मिटून जोडणी तोडली. काउंटरवर येऊन लावून पाहिलं. बाबा काकूंच्या फोनमधून खाकरले, बोलले.

"आला बाई आवाज!" म्हणत काकूंनी खुशीत मान हलवली आणि गेल्या.

दुपारी आई ताट घेऊन कपाटासमोर बसली. मी पडद्यामागे माझा फोन घेऊन उभी राहिले. सव्वा वाजला. कपाट गप्प. आईचा हात ताटाकडे जाईना. शेवटी मी बटण दाबलं.

"हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का..."

"बंद कर ते," आई मागे न बघता म्हणाली. "तुझ्या फोनमधलं आहे. मला कळत नाही होय? त्यांचं ऐकू दे."

मी बंद केलं. खोलीत काही म्हणजे काही आवाज नव्हता. वर काकूंचं मशीन चालत होतं तेवढंच.

आई थोडा वेळ कान देऊन बसली. मग तिने हळूच मान हलवली आणि ताट पुढे ओढलं.

"तुलाही विचारतायत," ती घास चावत म्हणाली. "विचारून थकले असतील. हलव की मान."

मी हलवली.